चार पायांचं यान आणि आजोबांचे दोन हात

समजा, तुमच्या मांडीवर एक पुठ्ठ्याचा खोका आहे. डोळे मिटून कल्पना करा असं मी म्हणणार नाही, कारण मग पुढचं वाचणार कोण? डोळे उघडेच ठेवा. खोक्याच्या झाकणावर चंद्रावर उतरलेल्या यानाचं चित्र आहे. चार लांबसडक पाय पसरून ते ऐटीत उभं आहे, मागे काळंभोर आकाश, आणि पोटाखाली इंजिनाचं नरसाळं जमिनीपासून चांगलं वर लटकतंय. आता झाकण काढा. आत जे आहे त्याला यान म्हणायचं, की दमून बसकण मारलेलं कासव, ते तुमचं तुम्ही ठरवा.

भिंगरीलाही ते ठरवता येईना. भिंगरी दहा वर्षांची. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते पुरतं उच्चारून होईपर्यंत ती त्या खोलीत थांबतच नसे, म्हणून घरात हेच नाव पडलं. खोका तिला कपाटाच्या वर, बंद पडलेल्या पंख्याच्या मागे सापडला होता. तिच्या बाबांनी लहानपणी जोडलेलं ते प्लास्टिकचं यान. असल्या यानांचे शंभरेक सुटे भाग खोक्यातून येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या यानाच्या अठ्ठेचाळीस पट लहान असं हुबेहूब यान तयार होतं. म्हणजे व्हायला हवं.

"आजोबा, शुक्रवारी शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन आहे," ती म्हणाली. "मी बाईंना सांगून टाकलंय, जुनं यान दुरुस्त करून आणणार म्हणून. पण यंदा सगळं मी करणार. तुम्ही फक्त सांगायचं."

ही 'यंदा'ची भानगड अशी होती. प्रदर्शनात आपल्या वस्तूशेजारी उभं राहून ती कशी केली हे येईल त्याला सांगायचं, अशी बाईंची अट होती. मागच्या वर्षी भिंगरी एका देखण्या पुठ्ठ्याच्या पुलाशेजारी उभी होती. पूल इतका देखणा होता की सगळे तिथेच थांबायचे आणि विचारायचे, या कमानी कशा वळवल्यास गं? आणि भिंगरी म्हणायची, आजोबांना माहीत आहे. चौथ्यांदा असं म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मुली हसायला लागल्या. घरी येऊन तिनं हे कुणाला सांगितलं नाही. पण यंदा पुन्हा तसं उभं राहायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"बरं," आजोबा म्हणाले. आणि तसं म्हणताना ते अगदी खरं बोलत होते.

आजोबांनी चाळीस वर्षं कवळ्या केल्या होत्या. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि आजोबा आपल्या लॅबमध्ये बसून त्या मापाची कवळी घडवायचे. केसाएवढा फरक पडला तरी माणसाला पोळी चावता येत नाही, असं ते म्हणत. लॅब बंद करून सात वर्षं झाली, तरी बारीक करवती, कानशी, चिमटे आणि औषधांच्या बाटल्या त्यांनी घरच्या टेबलाच्या खणात जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या हाताखाली सहा मुलं शिकून तयार झाली होती. आपल्याइतका शांत शिक्षक शोधून सापडणार नाही, अशी आजोबांची समजूत होती. ती सहा मुलं काय म्हणत असत, ते आपल्याला माहीत नाही.

त्यांनी यान खोक्यातून बाहेर काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि त्यांच्या तोंडून एक लांब उसासा निघाला.

"हे जोडलंय की कालवलंय?"

खरोखरच पाहवत नव्हतं. दोन अर्ध्या भागांमधली फट एवढी मोठी की आतून मुंगी डोकावली असती. राखाडी रंगात ब्रशाचे तीन केस कायमचे अडकले होते. खिडकीवर गोंद लागलेल्या बोटाचा ठसा, आणि तोही इतका स्वच्छ की पोलिसांना उपयोगी पडावा. शिडी दारासमोरच्या पायावर असायला हवी होती, ती शेजारच्या पायावर होती. म्हणजे अंतराळवीर दारातून निघाला की थेट खाली. दार उलटं. आणि पायांची तर गोष्टच सोडा. चारही पाय आखूड, थोटके, आणि यान पायांवर उभं नव्हतंच मुळी. ते आपल्या नरसाळ्यावर बसलं होतं.

"तुझ्या बापाला कधी खिळा सरळ ठोकता आला नाही," आजोबा म्हणाले. "आणि विचारलं तर म्हणायचा, भिंत वाकडी आहे."

"अहो, तेव्हा तो दहा वर्षांचा होता," आतून आजी म्हणाली.

"दहाव्या वर्षी माणसाला डोळे असतात."

"आणि जेवायचं टेबलही असतं. त्यावर दात ठेवू नका म्हणून मी तीस वर्षं दाताच्या कण्या केल्या. दात गेले एकदाचे, तर आता हे आलं."

शनिवारी काम सुरू झालं. आजोबांनी सांगितलं, पहिल्यांदा जुना रंग काढायचा. भिंगरीनं दात घासायचा जुना ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि घासायला लागली.

"असं नाही. गोल गोल."

तिनं गोल गोल घासलं.

"एवढ्या जोरात नाही. अगं, शिडी तुटेल. अगं... दे इकडे."

आणि यान आजोबांच्या हातात गेलं. ते घासत राहिले, भिंगरी बघत राहिली. थोड्या वेळानं ती पाणी प्यायला गेली आणि परत आलीच नाही. ती जिन्यावरून उड्या मारताना ऐकू आली, तेव्हा आजोबा स्वतःशीच म्हणाले, "या मुलीला चिकाटी म्हणून नाही."

रविवारी दोन अर्धे भाग सुटे करायचे होते. तिनं पातळ सुरी फटीत घातली. "कोन चुकतोय," आजोबा म्हणाले. तिनं कोन बदलला. "आता बरोबर, पण मनगट." तिनं मनगट बदललं. "आता पुन्हा कोन." भिंगरीनं सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"आजोबा, मला दोनच हात आहेत आणि तुम्ही पाच जणांना सांगताय."

"मी चांगल्यासाठी सांगतोय. दे इकडे, एकदा करून दाखवतो."

एकदा करून दाखवेपर्यंत दोन्ही अर्धे भाग सुटे झाले. काम सुरेख झालं होतं, यात शंका नाही. भिंगरीनं ते हातात घेऊन पाहिलं, आणि ज्या टेबलापाशी तिला शुक्रवारी उभं राहायचं होतं, ते टेबल तिच्या डोळ्यांपुढे आलं.

सोमवारी शाळेतून आल्यावर तिनं यान स्वतःच स्पिरिटच्या डब्यात बुडवलं आणि आजोबांची दुपारची झोप संपायच्या आत पायांवरचा रंग खरवडून काढला. आजोबा उठून बाहेर आले, तेव्हा ती भिंगातून बघत होती.

"आजोबा, बाबांनी पाय च्युइंग गमनं चिकटवलेत."

"काय?"

"गुलाबी आहे. हे बघा, चारही पायांना. आणि दगडासारखं कडक."

आजोबांनी यान हातात घेतलं. नखानं टोचलं. वास घेतला, पण तीस वर्षांनी वास कुठला यायला? मग भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. राखाडी रंगाच्या खालून, पाय जिथे पोटाला मिळतात तिथे, गुलाबी गोळे डोकावत होते. हा गुलाबी रंग त्यांनी झोपेतही ओळखला असता. हिरड्यांचा गुलाबी. कवळीत दात ज्यात रोवतात ते द्रव्य. पूड आणि औषध कालवायचं, आणि पाच मिनिटांत पक्कं. त्या औषधानं यानाचं प्लास्टिक मेणासारखं विरघळून त्या गोळ्यांत मुरलं होतं.

"तुझ्या बापानं माझ्या कपाटातून चोरलेलं दिसतंय," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. बूट काढता काढता त्यांना टेबलावर यान दिसलं आणि ते तसेच एका पायात बूट घालून आले.

"अरे, हे कुठून काढलंत?"

"ते जाऊ दे," आजोबा म्हणाले. "हे गुलाबी तू लावलंस का?"

बाबांनी यान उलटं करून पाहिलं आणि हसू लागले. "मी कसला लावतोय? कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला असायची. अण्णा, हे तुम्ही लावलंय."

"मी?"

"आठवत नाही? प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी. मी शेवटचा पाय लावत होतो, तो घसरत होता, बाहेर शाळेच्या गाडीचा भोंगा वाजत होता. तुम्ही म्हणालात, दे इकडे. माझे लावलेले तीनही पाय उपटलेत आणि चारही तुमच्या मसाल्यानं बसवलेत. मग यान डगमगायला लागलं. तुम्ही कानस घेतलीत. एक पाय घासलात, तर ते दुसरीकडे कललं. दुसरा घासलात, तर तिसरीकडे. जसं कवळीत उंच लागणारा दात घासतात ना, तसं. गाडीवाला भोंगा वाजवतोय आणि तुम्ही घासताय. शेवटी डगमगायचं थांबलं."

"थांबलं ना?" आजोबा म्हणाले.

"थांबलं. नरसाळं जमिनीला टेकलं तेव्हा थांबलं."

भिंगरी खुर्चीवर पालथी पडून हसत होती. आजी दारात येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तीस वर्षांचं समाधान होतं.

"आता बोला," ती म्हणाली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"पण धरलं ना तीस वर्षं?" आजोबा कुणाकडेही न बघता म्हणाले.

"धरलं की. आता निघतच नाही." बाबांनी यान खाली ठेवलं, दुसरा बूट काढला आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "बाईंनी विचारलं, पाय कसे बसवलेस? मी म्हटलं, मला माहीत नाही, अण्णांनी बसवले. मग घरी आल्यावर खोका वर ठेवून दिला. त्यानंतर मी असलं काही जोडलं नाही. गरजही पडली नाही म्हणा."

भिंगरीचं हसू थांबलं. ती उठून बसली. "मीही मागच्या वर्षी तसंच म्हटलं होतं," ती म्हणाली. "पुलाच्या वेळी. सगळ्या हसल्या होत्या."

"मग सांगायचं नाही का तेव्हा?" आजोबा म्हणाले.

"तुम्ही पूल किती छान केला होता," ती म्हणाली, आणि जिन्याकडे पळाली.

आजोबांनी ते थोटके पाय पुन्हा भिंगाखाली धरले. त्यांना भयंकर राग आला होता, आणि ज्याचा राग यावा असा माणूस घरात एकच होता. वाकड्या फटीबद्दल, ब्रशाच्या केसांबद्दल, उलट्या दाराबद्दल पोराला नावं ठेवून झाली होती. पण ते सगळं एका दहा वर्षांच्या मुलाचं काम होतं, आणि पुढचं यान त्यानं याहून बरं केलं असतं. सगळ्यात वाईट काम पायांचं होतं, आणि ते एका हुशार कारागिराचं होतं.

मंगळवारी त्यांनी भिंगरीला बोलावलं. सर्वांत बारीक करवत तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "ते गुलाबी विरघळत नाही. कापावंच लागेल. पायांना नवे तुकडे जोडून लांबी वाढवायची, आणि चारही एका मापाचे करायचे. खोक्यातल्या कागदावर माप आहे."

"आणि तुम्ही?"

"मी इथे बसतो."

"बोलणार?"

"विचारलंस तर."

मुलांनो, तुम्हाला वाटेल की मोठ्या माणसाला गप्प बसणं सोपं जातं. तसं मुळीच नाही. भिंगरीनं करवत अशी धरली की आजोबांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. ती कापता कापता गाणं गुणगुणत होती. अर्ध्यातून उठून खिडकीतून कुत्रा बघून आली. पहिलं पातं तुटलं. दुसरं पातं तुटलं. आजोबांकडे अशी सातच पाती उरली होती, आणि आता ती कुठे मिळतही नव्हती. त्यांनी हात मांडीखाली घातले आणि त्यावर बसले. पाच मिनिटांनी हाताला मुंग्या आल्या, म्हणून बाहेर काढले, तर हात आपोआप टेबलाकडे निघाले.

आजीनं हे पाहिलं. ती आतून मटाराच्या शेंगांची परात घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"सोला," ती म्हणाली. "हातांना काहीतरी लागतं तुमच्या."

आजोबा सोलू लागले. एवढे मटार त्या घरात कधी सोलले गेले नव्हते. भिंगरीनं करवत तिरकी धरली, की एक शेंग फटकन फुटायची आणि दाणे गालिच्यावर उडायचे. तिनं माप घेताना पट्टी शून्याऐवजी एकपासून धरली, तेव्हा एका शेंगेचं साल आणि दाणे वेगळे ओळखू येईनात. पण तिसऱ्या पायाशी तिचं तिलाच कळलं. ती थांबली, आधीचे दोन पुन्हा मोजले आणि म्हणाली, "अय्या, मी एकपासून धरतेय." मग दोन्ही तुकडे नव्यानं कापले. आजोबांनी हातातली शेंग नीट सोलली.

बुधवारी तिनं एकदा विचारलं, "गोंद किती लावू?"

आजोबा इतके खूश झाले की उत्तर द्यायला त्यांना दहा मिनिटं लागली. गोंद थोडा, जोड कोरडा, दोन्ही बाजूंनी दाब, आणि सुकायच्या आत काच घेऊन त्यावर उभं करून बघायचं, कारण टेबल कधीच सपाट नसतं आणि काच नेहमी असते. टिचकी मारायची, खट् असा एकच आवाज आला तर चारही पाय टेकले, खट्-खट् आला तर एक हवेत आहे.

"मला फक्त किती एवढंच हवं होतं," भिंगरी म्हणाली. "टाचणीच्या टोकावर मावेल एवढा?"

"एवढाच."

"मग झालं की."

ती पुन्हा कामाला लागली. आजोबा पुन्हा मटारांकडे वळले. आता आजी मटार आणायची थांबली होती, म्हणून ते सोललेल्या दाण्यांतून लहान-मोठे वेगळे करत होते.

गुरुवारी दुपारी यानाला रंग लागला होता. त्यात ब्रशाचा एक केस अडकला होता. फट बुजली होती, पण घासल्याची रेघ उजेडात दिसायची. दार सुलट होतं. शिडीही योग्य पायावर होती. त्या शिडीसाठी तिनं खोक्यातला कागद स्वतः वाचून काढला होता, आणि बाबांचं कसं चुकलं हेही तिला कळलं होतं: कागदावरचं चित्र खालून बघून काढलेलं होतं, त्यामुळे डावं ते उजवं दिसायचं. हे ती आता कुणालाही सांगू शकली असती, आणि आल्यागेल्याला सांगतही होती. दूधवाल्यालाही सांगून झालं होतं. तीन पाय पक्के बसले होते. चौथा तिनं नुकताच लावला होता. गोंद अजून ओला होता.

तिनं यान उचललं आणि हळूच काचेवर ठेवलं. टिचकी मारली.

खट्-खट्.

आजोबांनी ऐकलं. त्यांना तिथून, खुर्चीत बसूनही दिसत होतं: पाय दीड केसभर बाहेर फाकलाय. गोंद सुकायला फार तर चार मिनिटं. तीन मिनिटं. दोन बोटांनी धरून जरासा आत ढकलायचा, बस. चाळीस वर्षं त्यांच्या बोटांनी हेच केलं होतं. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी हवेतच एकमेकांना टेकली. दाण्यांचा वाडगा गुडघ्यावरून कलला. समोर भिंगरी यानाकडे बघत होती, मग घड्याळाकडे, मग पुन्हा यानाकडे. हात लावला नाही तर पाय तसाच वाळणार, आणि उद्या सकाळी वर्गात यान टिचकीसरशी डगमगणार. हात लावला तर ते सरळ उभं राहणार, आणि कुणी विचारलं तर ही पोर पुन्हा म्हणणार, आजोबांना माहीत आहे.

"काय गं?" ते म्हणाले. यापुढचं गिळून त्यांनी कललेला वाडगा सावरला.

"काही नाही," भिंगरी म्हणाली.

तिनं पुन्हा टिचकी मारली. खट्-खट्. मग खाली वाकून, गाल काचेला टेकवून, एक डोळा मिटून तिनं चारही पावलांच्या खालून पलीकडचा उजेड बघितला. तीन पावलांखाली उजेड नव्हता. चौथ्याखाली होता.

ती उठली. आजोबांच्या खुर्चीमागे गेली, दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि आजोबांसकट, वाडग्यासकट ती खिडकीकडे फिरवली. मग परत येऊन टेबलाशी बसली, ओला पाय चिमट्यात धरून उपटला, फडक्यानं जोड कोरडा पुसला आणि गोंदाच्या बाटलीचं झाकण पुन्हा उघडलं.